चार अंड्यांभोवतीचे दगड

टिटवीच्या चार अंड्यांभोवती कुणीतरी दगडांचं कडं केलं होतं. मुठीएवढे अकरा दगड, नीट गोल मांडलेले, आणि शेजारी बाभळीची काटकी रोवून तिला बांधलेली लाल चिंधी. उजनी धरणाच्या फुगवट्यावर, म्हणजे भिंतीमागे साचलेल्या पाण्याच्या काठावर, शेतकऱ्यांच्या मोटारींचे पाइप जिथे ओळीने पाण्यात उतरतात, तिथे ट्रॅक्टरच्या चाकोरीपासून चार पावलांवर ते घरटं होतं. चाकाखाली येऊ नये, मेंढरांच्या खुरांखाली येऊ नये, म्हणून कुणीतरी कळवळ्याने केलेला तो बंदोबस्त. फाल्गुन उतरणीला लागला होता, पाण्यावरून येणारा वारा अजून गार होता. दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा कड्यात अंडी नव्हती. दोन पावलांवर एक कवच पडलेलं, त्याला एका बाजूने भोक, आत सुकत चाललेला बलक आणि मुंग्यांची रांग. बाकीच्या तिघांचा मागमूस नाही. चिंधी मात्र वाऱ्यावर फडफडत होती. टिटवीची जोडी लांब चिखलात उभी होती आणि ओरडत नव्हती.

तिचं ते न ओरडणं मनातून जात नाही.

टिटवीचं घरटं म्हणजे खरं तर घरट्याचा अभाव. जमिनीला पडलेला तळहाताएवढा खळगा, त्यात चार-दोन खडे, मातीची ढेकळं आणि बकरीच्या वाळक्या लेंड्या. बस्स. अंडी चार, निमुळती टोकं आत वळवून फुलीसारखी ठेवलेली, म्हणजे पोटाखाली चारही नीट मावतात. रंग मळकट पिवळसर, त्यावर काळपट तपकिरी शिंतोडे. भेगाळलेल्या काळ्या जमिनीवर, लेंड्यांच्या शेजारी ती दिसतच नाहीत. तीन पावलांवरून पाहिलेलं घरटं मान वळवून पुन्हा पाहायला गेलं तर सापडत नाही. हेच तिचं कुंपण. काट्यांचं नाही, उंचीचं नाही, फक्त नजर घसरून जाण्याचं. आणि अकरा दगडांच्या गोलाने नेमकं तेच कुंपण मोडलं. उघड्या माळावर गोल आकार आपोआप उमटत नाही, आणि कावळ्याइतकं हे कुणाला कळत नाही. माणूस कुठे वाकला, कुठे थांबला, काय ठेवून गेला, हे तो बाभळीच्या शेंड्यावरून पाहत असतो. माणूस वळला की खाली उतरून बघून येतो. दगड मांडणाऱ्या हातांवर राग धरवत नाही. पण माया किती जवळ जाऊन करायची, हा प्रश्न त्या रिकाम्या कड्याने समोर ठेवला, आणि तळ्याकाठच्या वसंतात तो पावलोपावली पुन्हा भेटतो.

वसंत म्हटला की फुटणारी पालवी आणि कोकिळेचा पंचम डोळ्यांपुढे येतो. उजनीसारख्या जलाशयावर वसंत येतो तो पाणी मागे सरकतं म्हणून. १९८० साली पूर्ण झालेलं भीमेवरचं हे धरण, एकूण साठा ११७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, त्यातला साधारण ५४ उपयुक्त आणि ६३ मृत. सोलापूरचं पिण्याचं पाणी, कालव्यांची आवर्तनं आणि वरून उन्हाची बाष्प ओढणारी जीभ, यात उपयुक्त साठा झरझर उतरतो, आणि चैत्र-वैशाखात पेपरात बातमी येते की उजनी मायनसमध्ये गेली, म्हणजे उपयुक्त साठा संपून मृत साठ्यावर आली. काठावरच्या गावांना हे पेपर वाचून कळत नाही; त्यांना केबल आणि पाइप किती वाढवावा लागला यावरून कळतं. माघात दाराशी असलेलं पाणी चैत्रात अर्ध्या कोसावर जातं आणि मोटार त्याच्या मागे मागे चालते, चारी खोदत. हे सगळं शेतकऱ्याच्या बाजूने चिंतेचंच आहे. आणि त्याच वेळी, त्याच उघड्या पडलेल्या जमिनीवर, वर्षातली सगळ्यात दाट वर्दळ सुरू झालेली असते. एकाच गोष्टीचं दुःख आणि आनंद एकाच वेळी वाटणं फुगवट्याच्या काठावर चुकत नाही.

पाणी किती सरकतं याचा हिशेब जमिनीच्या उतारावर असतो. शंभर मीटरला एक मीटर असा उतार असेल, तर पातळी वीतभर, म्हणजे वीसेक सेंटिमीटर खाली गेली की वीस मीटर रुंदीचा पट्टा कोरडा पडतो. उजनीचा वरचा भाग, भिगवण-डिकसळच्या बाजूचा, इतका सपाट आहे की तिथे हाच पट्टा आणखी रुंद होतो. म्हणून इथे वसंत पाहायचा सगळ्यात चांगला मार्ग फार साधा आहे. दर आठवड्याला ठरलेल्या वारी, पाण्याच्या आजच्या कडेला बांबूची एक खुंटी ठोकायची, तिच्यावर तारीख लिहायची आणि परतायचं. पुढच्या आठवड्यात पाणी जिथे असेल तिथे दुसरी. होळीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत सात-आठ खुंट्या होतात, आणि दोन खुंट्यांमधली जमीन नेमकी किती दिवसांपूर्वी पाण्याबाहेर आली हे कळतं. मग चार मीटर सुतळीचा एक मीटरचा चौकोन करून प्रत्येक पट्ट्यात तीन-तीन ठिकाणी टाकायचा आणि आत काय उगवलंय ते बघायचं. खुंटी गुडघ्यापेक्षा उंच ठेवायची नाही. उंच ठेवली की तिच्यावर खंड्या किंवा कावळा बसतो आणि खालच्या जमिनीवर घरटी करणाऱ्यांना आपणच पहारेकरी नेमून दिल्यासारखं होतं. जागा निवडताना एक चूक होते. जिथे जनावरं पाण्यावर येतात तिथला पट्टा तुडवून इतका बदलतो की तो तळ्याचा राहत नाही, गोठ्याचा होतो.

पहिल्या आठवड्याचा पट्टा उघडाबोडका दिसतो. बसून पाहिलं की कळतं, तो पानं भरभरून लिहिलेला आहे. सुईने टोचल्यासारखी बारीक भोकांची ओळ दिसली तर तिथून तुतवार गेला. दर पावलाला चोच खुपसत जातो तो. तीन बोटांचे, मागच्या बोटाची खूण नसलेले लांबट ठसे शेकाट्याचे. चार लांब बोटांचा, मागचं बोट नीट उमटलेला मोठा ठसा बगळ्याचा, आणि तो एकाच जागी चार-पाचदा उमटला असेल तर तिथे तो बराच वेळ दबा धरून उभा होता. रिकाम्या गोगलगायींचा आणि शिंपल्यांचा ढीग दिसला की उघड्या चोचीच्या बलाकाची पंगत झाली म्हणून समजावं. उथळ पाण्याच्या तळाशी परातीएवढी वर्तुळं दिसतात, मध्ये उंचवटा आणि भोवती चर, ती रोहितांची, म्हणजे फ्लेमिंगोंची. डोकं उलटं करून पाण्यात घालायचं आणि त्याभोवती पायांनी चिखल तुडवत गोल फिरायचं, अशी त्याची रीत. ही सगळी मंडळी एकाच चिखलात एकमेकांच्या पायात न येता जेवतात, कारण प्रत्येकाचा पाय वेगळ्या मापाचा आहे. सुकत आलेल्या चिखलावर कंठेरी चिखल्या धाव-थांब-धाव करतो, पाण्याची नुसती झिलई असलेल्या पट्टीत तुतवार, वीतभर पाण्यात शेकाट्या, त्यापुढे चोच डावी-उजवी फिरवणारा चमच्या, आणि सगळ्यांच्या पलीकडे रोहित. पाणी वीतभर हललं की सगळी पंगत वीतभर हलते. म्हणून आदल्या रविवारी ज्या दगडाशेजारून शेकाट्या दिसला, त्याच दगडाशी पुन्हा बसून तो दिसत नाही म्हणून खट्टू होण्यात अर्थ नसतो; तो पाण्याबरोबर गेलेला असतो.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्याच्या पट्ट्यात हिरवं दिसू लागतं. आधी चिखलावर पोपटी धुरळा बसल्यासारखी रोपं, मग ती वेगळी ओळखू येतात. बरेच जण इथे सगळ्यालाच गवत म्हणून पुढे जातात. काडी दोन बोटांत धरून फिरवावी. तिकोनी लागली, कडा बोटाला टोचल्या, तर तो लव्हाळा. गोल लागली आणि पेरं हाताला आली, तर गवत. ओल्या भागात, जिथे पाऊल अजून अर्धं रुततं, तिथे नीरब्राह्मी पसरते. तिची पानं जाड, रसदार, समोरासमोर, नखाएवढी. शिरा दिसत नाहीत. फूल फिकट जांभळट पांढरं, पाच पाकळ्यांचं, शर्टाच्या बटणाहून लहान. पान चावलं तर कडू. हिला आणि मंडूकपर्णीला, दोघींनाही बाजारात ब्राह्मी म्हणतात. पण मंडूकपर्णीचं पान गोल, लांब देठाचं, शिरा स्पष्ट असलेलं, आणि तिला सावली मानवते. उघड्या चिखलात, माथ्यावर ऊन घेत पसरली असेल ती नीरब्राह्मी. तिच्या वरच्या अंगाला जलपिंपळी, म्हणजे रतवेल. हिच्या पानाला फक्त वरच्या अर्ध्या भागात दाते असतात, आणि काडेपेटीतल्या काडीच्या गुलासारखं जांभळं-करडं बोंड वर येतं, त्याच्या कमरेला इवल्या पांढरट गुलाबी फुलांचा पट्टा. फुलणं खालून वर सरकत जातं म्हणून बोंड दिवसेंदिवस लांबतं. सकाळी नऊच्या सुमारास या जलपिंपळीवर निळी फुलपाखरं इतकी उतरतात की जमीनच फडफडते आहे असं वाटतं. मध्ये मध्ये माका, खरखरीत पानांचा, पांढऱ्या फुलाचा. पान चुरगळलं की बोटं थोड्या वेळाने काळी पडतात, दुसरी परीक्षा लागत नाही.

आणि मग गोरखमुंडी.

चैत्रात फुगवट्याची उतरती जमीन जिथे नुकती भेगाळू लागते, तिथे ती ठाण मांडते. उंची वीतभर-दीड वीत, फांद्या आडव्या पसरलेल्या, टोकाला गुलाबी-जांभळे गोल चेंडू, बोरापेक्षा लहान. दुरून नुसता रंग दिसतो. गुडघ्यावर बसून पाहावं. खोडाला दोन्ही बाजूंनी पानाचीच पट्टी उतरलेली असते, पंख लावल्यासारखी, आणि त्या पंखाची कड करवतीसारखी दातेरी. तो चेंडू म्हणजे एक फूल नव्हे. फुलांचे गुच्छ आणि त्या गुच्छांचा गुच्छ. भिंगातून पाहिलं तर एकेक नळी वेगळी दिसते. सगळ्या अंगावर चिकट लव, आणि हाताला लागलेला वास, तीव्र, औषधी, थोडा गोड, तो साबणाने धुतल्यावरही दुपारपर्यंत राहतो. या वासापायी गुरं तिला तोंड लावत नाहीत, म्हणून चरून सफाचट झालेल्या पट्ट्यातही ती उभी असते. धनगराच्या मेंढ्या तिच्या डावी-उजवीकडून हरळी कुरतडत जातात आणि मागे फक्त हे जांभळे चेंडू उरतात. काठ स्वच्छ करायचा म्हणून पुढे येणारी मंडळी बहुतेक वेळा हिलाच आधी उपटतात, कारण ती दिसते. नीरब्राह्मी चिखल धरून ठेवते, माका-जलपिंपळीवर कीटक पोसतात, लव्हाळ्याच्या गड्ड्यांवर आणि बियांवर बदकं जगतात, आणि हे सगळं मोकळ्या काठाच्या हौसेपायी रान म्हणून जातं. काठ मोकळा नसतोच. आपल्याला त्यातली नावं ठाऊक नसतात, एवढंच.

वरच्या अंगाला, जिथे पाणी कित्येक वर्षांत आलेलं नाही, तिथला वसंत वेगळ्या रंगाचा आहे. हिवर आणि बाभूळ आहेतच, पण डोळा ठरतो नेपतीवर. पानं जवळजवळ नाहीत, नुसत्या हिरव्या काटेरी काड्यांचा गुंता, आणि त्यावर विटकरी लाल फुलं. ज्या झुडपाकडे वर्षभर कुणी ढुंकून पाहत नाही त्यावर फाल्गुनात सूर्यपक्षी भांडताना दिसतात. वावळ आधी सगळी पानं गाळते आणि मग चपट्या, गोल, कागदी फळांचे घोस धरते. वारा सुटला की ती चकत्या उधळल्यासारखी पाण्यावर पडतात. कडुनिंबाला पाडव्याच्या मागेपुढे तुरे येतात आणि संध्याकाळी काठावरच्या वस्तीत तो मंद गोडसर वास भरतो. आणि पळस. पळसदेव गावाचं नाव ज्याच्यावरून आलं तो देव, पळसनाथ, पाण्याखाली आहे. पाणी फारच उतरलं की त्याचं जुनं दगडी देऊळ पुन्हा उघडं होतं, लोक दर्शनाला जातात, म्हातारी माणसं आपली आळी कुठे होती ते हात करून दाखवतात. पाणी उतरल्यावर कुणाला गोरखमुंडी दिसते, कुणाला स्वतःच्या घराचा चौथरा. पहिल्याने दुसऱ्याला विसरता कामा नये.

पळसावर याच दिवसांत भोरड्या येतात. ज्वारीच्या हंगामात शेतकऱ्याला गोफण घ्यायला लावणाऱ्या या पाहुण्यांना पळसमैना हेही नाव आहे, आणि ते फाल्गुनातच पटतं. हिवाळाभर मळकट दिसणारं अंग आता गुलाबी झालेलं, डोकं-पंख काळे कुळकुळीत, कपाळ पळसाच्या परागांनी पिवळं. झाडावर शंभर पक्षी असले तरी आवाज एकच, तेलात मोहरी तडतडल्यासारखा. सूर्य बुडायच्या अर्धा तास आधी त्यांचे थवे उसाच्या फडांकडे आणि पाणकणसाच्या बेटांकडे वळतात, आणि एखादा ससाणा घुसला की सगळा थवा एका अंगाने वळून काळा होतो, मग पुन्हा विरळ. एप्रिलच्या मध्यापर्यंत त्या मध्य आशियाच्या वाटेला लागतात. त्यांच्याही आधी पट्टकादंब गेलेले असतात. डोक्यामागे दोन काळ्या पट्ट्या असलेला हा हंस हिमालय ओलांडून जाणारा, आणि त्याच्या निघण्याची चाहूल दोन-तीन दिवस आधी लागते. काठावर चरणारे थवे उगाचच उठतात, एक गिरकी घेतात, पुन्हा उतरतात, आवाज वाढतो. मग एका सकाळी गवतावर फक्त विष्ठा आणि दोन-चार राखाडी पिसं. थापट्या, तलवार बदक, गडवाल हेही एकेक करून कमी होतात. जे मागे राहतात ते रंग बदलतात. पिवळा धोबी खरोखर पिवळा होतो, गायबगळ्याच्या डोक्या-पाठीवर केशरी चढतो, वंचकाची, म्हणजे ढोकरीची, मातकट पाठ तांबूस जांभळी होते. पुस्तकातलं हिवाळी चित्र घेऊन चैत्रात गेलं की ओळखीचे पक्षीही अनोळखी वाटतात. बहुतेक चुका इथेच होतात.

चुकांचं दुसरं कारण ऊन. सकाळी पूर्वेच्या काठावर बसावं, म्हणजे सूर्य पाठीशी आणि पक्षी उजेडात, संध्याकाळी पश्चिमेच्या. उलट बसलं की सगळेच पक्षी काळे दिसतात. चैत्रात साडेनऊ-दहानंतर तापलेल्या चिखलावरची हवा थरथरू लागते, आणि दुर्बीण कितीही चांगली असली तरी लांबच्या पक्ष्याचे पाय लांब आहेत की आखूड हे सांगता येत नाही. तेव्हा मोजणी थांबवावी. आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची दुर्बीण इथे पुरते. दहा-बारा पटीची होडीत हातात ठरत नाही. कपडे मातीच्या रंगाचे, पांढरा सदरा नको. आणि चालत फिरण्यापेक्षा एका बाभळीखाली वीस मिनिटं बसणं जास्त देतं. पहिली दहा मिनिटं काहीच घडत नाही. मग आपण तिथले दगड झालो की कडेची हालचाल पुन्हा सुरू होते.

रोहित पाहायला मात्र होडीशिवाय गत्यंतर नसतं. चांगला नाखवा लांबूनच इंजिन बंद करतो आणि बांबूने ढकलत नेतो, तेही थेट नव्हे, तिरपं. थव्यातले सगळे डोकी खाली घालून चरत असतील तोवर ठीक. चार-पाच माना वर आल्या की थांबायचं. सगळ्यांच्या माना वर येऊन थवा एका दिशेने चालू लागला, तर आपण आधीच फार जवळ आलो. त्यानंतरची पायरी उडण्याची, आणि दुर्दैवाने त्याच पायरीसाठी बहुतेक कॅमेरे आलेले असतात. पंख उघडल्यावर दिसणारा तो लाल-काळा पट्टा डोळ्यांचं पारणं फेडतो, खोटं कशाला बोलायचं. पण उडणाऱ्या रोहिताला पाण्यावर धावत वेग घ्यावा लागतो, आणि लांबच्या प्रवासासाठी साठवलेल्या चरबीतून दर उड्डाणाचा खर्च निघतो. दिवसातून दहा होड्यांनी दहा वेळा उठवलेला थवा चिखल भरपूर असूनही उपाशी राहतो. नाखव्याचं पोट या होडीवर आहे. त्याला जास्त जवळ न्यायला सांगणारा बहुधा शहरातून आलेला असतो.

भादलवाडीच्या तलावावर चित्रबलाकांची वसाहत असते, आणि इंदापूर गावात चिंचांच्या जुन्या झाडांवरही. दोन्हीकडे पिल्लं चैत्रात मोठी झालेली, मळकट पांढरी, घरट्याच्या काठावर उभी राहून पंख मारून पाहणारी. झाडाखाली चुन्यासारखी विष्ठा आणि कुजक्या माशांचा उग्र वास. नाकाला रुमाल लावूनच उभं राहावं लागतं. भर दुपारी आई-बाप पंख पसरून पिल्लांवर सावली धरतात आणि चोचीतून पाणी आणून त्यांच्या अंगावर सोडतात. भादलवाडीला घरटी पाण्यातल्या बाभळींवर आहेत, आणि तिथलं गुपित त्या पाण्यातच आहे. खालून कुत्रं, मांजर, माणूस येऊ शकत नाही. पाणी वेळेआधी आटलं की तीच झाडं नुसती झाडं उरतात. इंदापुरात हेच काम माणसं करतात; वर्षानुवर्षं वास आणि कलकलाट सोसून त्यांनी ती झाडं राखली आहेत, आणि पक्ष्यांनी गावाच्या मध्यावर विश्वास टाकला आहे. माया जवळून करता येते, ती अशी: जवळ राहून, हात न लावता.

पाण्याच्या वेगाचं असंच आहे. नदी सुरय आणि पाणभिंगरी हे पक्षी मार्च-एप्रिलमध्ये उघड्या पडलेल्या बेटांवर, वाळू-खड्यांत अंडी घालतात. घातली तेव्हा भोवती पाणी असतं. अंडी उबवायला तीन आठवडे लागतात, आणि खाली आवर्तन सुटून पातळी झपाट्याने उतरली तर तेवढ्यात बेटाला काठाचं शेपूट जोडलं जातं. त्या शेपटावरून रात्री कोल्हा जातो, दिवसा कुत्री. सोलापूरला पाणी नको असं म्हणता येत नाही. पण बेटाकडे जाणाऱ्या त्या चिंचोळ्या पट्टीवर, पाणी पुरतं आटण्याआधी, चार फावडी माती काढून चर खोल ठेवला तर आठ-दहा दिवस मिळतात, आणि अंड्यांच्या हिशेबात आठ-दहा दिवस फार असतात. हे काम विणीच्या आधी, माघात करायचं. अंडी पडल्यावर बेटाकडे पाऊल टाकायचं नाही.

काठावर जे यायला नको होतं तेही आलं आहे. बेशरम ही वनस्पती पाणी आणि कोरडं दोन्ही सोसते, तोडलेली कांडी चिखलात पडली की तिथेच मुळं धरते, म्हणून तोडून काठावर टाकणं म्हणजे लावणंच. उपटून, उन्हात पुरती वाळवूनच तिचा निकाल लागतो. जलपर्णी वाऱ्याबरोबर हिंडते आणि उतरत्या पाण्याने चिखलावर बसते, तिच्याखाली नीरब्राह्मी गुदमरते. वेडी बाभूळ वरचा माळ व्यापत नेपतीला ढकलते आहे. आणि पाणी स्वतः, वरच्या शहरांचं सांडपाणी घेऊन आलेलं, फाल्गुनात हिरवीगार साय धरतं. त्यातल्या लाल अळ्यांवर चिखल्यांचे थवे पोसतात. घाणीवर वाढलेली ही वर्दळ पाहताना जीव सुखावतोही आणि ओशाळतोही. वेड्या बाभळीवरही बगळे घरटी करतात, हे दिसल्यावर कोयता उचलायच्या आधी त्यांची वीण संपेपर्यंत थांबावं लागतं.

टिटवीचं घरटं कसं ओळखावं हे कुणी विचारलं तर सांगावं की पन्नास-साठ पावलांवरून, बसून. डोक्यावर घिरट्या घालत ओरडणारी टिटवी घरट्यावरची नसते. घरट्यावरची आधीच, आपण लांब असतानाच, मान खाली घालून मुकाट्याने पळत दूर गेलेली असते आणि मग कुठून तरी भलतीकडूनच उडते. तिचा माग काढायचा नाही. आपण स्थिर बसलो की पाच-दहा मिनिटांत ती तशीच पळत, थांबत, खोटंच काही टिपल्यासारखं करत परत येते, आणि एका जागी पिसं फुलवून हळूच खाली बसते. तीच जागा. तिथे आणखी जवळ जायची गरज नसते. सकाळी आठच्या आत हे पाहून व्हायला हवं. दुपारी ती अंडी ऊब देण्यासाठी नव्हे, सावली देण्यासाठी झाकून उभी असते; पाण्यात पोट भिजवून येते आणि ओल्या पिसांनी अंडी गार करते. चाळीस अंशांच्या उन्हात काळी माती हवेहून कितीतरी जास्त तापते. आपल्यामुळे ती पंधरा मिनिटं लांब राहिली तर कावळ्याची गरजच उरत नाही.

मेंढरांची भीतीही आपण उगाच घालतो. कळप अंगावर आला की टिटवी पंख पसरून, ताठ उभी राहून ओरडते, आणि मेंढ्या दोन्ही बाजूंनी फुटून पुढे जातात. समुद्राशी भांडायला निघालेली कथेतली टिटवी ती हीच. ट्रॅक्टरशी मात्र तिचं भांडण चालत नाही, तिथे माणसाचं काम आहे: चाकोरीवर, घरट्याच्या बरंच आधी आणि बरंच नंतर, दोन ओंडके टाकून वाट दहा पावलं वळवणं. घरट्याला खूण नाही, रस्त्याला खूण.

पहिली अंडी गेली की टिटवी पुन्हा घालते. चैत्राच्या शेवटी ती जोडी त्याच पट्ट्यात होती, जुन्या जागेपासून साठेक पावलं खाली, पाण्याच्या बाजूला, गळक्या पाइपाने ओल धरलेल्या जमिनीपासून जरा वर. लाल चिंधी विटून गुलाबी झाली होती. दगडांचं कडं तसंच होतं. त्यातले दोन खुरांनी सरकलेले, आणि उरलेल्यांवरून जलपिंपळीचा एक धुमारा आत उतरून रिकाम्या खळग्यापर्यंत पोचलेला, टोकाला एक बोंड घेऊन. सकाळच्या मेंढ्या चाकोरीवरून उतरत होत्या. नर टिटवी ओरडत त्यांच्या डोक्यांवरून गेली, आणि खाली, लेंड्यांच्या आणि ढेकळांच्या मध्ये, दुसरी मान खाली घालून मुकाट पळत सुटली.